झेरॉक्स मशीनवाला शेठ

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर चार दिवसांनी एक मेसेज फिरतो, की सोरोस नावाचा अब्जाधीश पैसे वाटून देशोदेशीची सरकारं पाडतो. शाळेला, दवाखान्याला देणगी समजू शकतो हो, पण लोकशाहीला कोण देणगी देतं? आणि त्या पैशाचं नेमकं करतात काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तो मेसेज आमच्याही ग्रुपवर आलाय, आत्याने पाठवलाय. सरकारं पाडायचं जरा बाजूला ठेवू, आधी झेरॉक्सची गोष्ट सांगतो.

१९८४ साल. हंगेरीत कम्युनिस्ट राजवट, आणि झेरॉक्स मशीन म्हणजे एकदम संशयाची वस्तू, कारण सरकारला नको असलेलं पत्रक कुणी छापून वाटलं तर? आता हा जॉर्ज सोरोस मूळचा तिथलाच, १९३० साली बुडापेस्टमध्ये ज्यू घरात जन्मलेला, लहानपणी नाझींच्या तावडीतून वाचलेला, पुढे लंडन आणि मग अमेरिकेत जाऊन शेअर आणि चलनाच्या सट्ट्यात गडगंज झालेला. त्याने तिथल्या विज्ञान अकादमीशी करार करून फाउंडेशन काढलं आणि लायब्ररी, संशोधन संस्था यांना झेरॉक्स मशीनं द्यायला सुरुवात केली. फुकट नाही बरं का. संस्थांनी हंगेरीच्या चलनात, म्हणजे फोरिंटमध्ये पैसे भरायचे आणि त्याच फोरिंटमधून फाउंडेशन तिथल्या लेखकांना, संशोधकांना, छोट्या गटांना मदत देणार. पक्का व्यापारी डोक्याचा माणूस, एका पैशात दोन कामं. त्याच्या आधी १९७९ पासून दक्षिण आफ्रिकेत, वर्णभेद जोरात असताना, केपटाउन विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्याने स्कॉलरशिप दिल्या होत्या.

म्हणजे पैशाचं काय करतात, तर असलीच बिनचमकीची कामं. अटक झालेल्याला वकील मिळवून देणं, तुरुंगात काय चाललंय त्याची नोंद ठेवणं, कोर्टात वर्षानुवर्षं केस लढणं. बुडापेस्टची हंगेरियन हेलसिंकी कमिटी ही मानवी हक्कांची संस्था हेच करते. दवाखान्याच्या भिंतीवर देणगीदाराची पाटी तरी लागते, इथे कुणाची पाटी लावणार!

आता खरी गंमत ऐका. १९८९ मध्ये या फाउंडेशनच्या स्कॉलरशिपवर एक तरुण पोरगा ऑक्सफर्डला शिकायला गेला, त्याचं नाव व्हिक्टर ओर्बान. हो, तोच, २०१० पासून सलग अनेक वर्षं पंतप्रधान म्हणून हंगेरीवर पकड बसवलेला. २०१७ मध्ये त्याच्याच सरकारने देशभर सोरोसच्या हसऱ्या चेहऱ्याची होर्डिंग्ज लावली, की याला शेवटचं हसू देऊ नका म्हणून. त्याच वर्षी असा कायदा आणला की सोरोसने १९९१ मध्ये काढलेल्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीला शेवटी बिऱ्हाड उचलून व्हिएन्नाला जावं लागलं. २०२० मध्ये युरोपच्या कोर्टाने तो कायदा चुकीचा ठरवला, पण तोवर विद्यार्थी, प्राध्यापक सगळं पलीकडे गेलं होतं. ज्याला फी भरून शिकवलं त्यानेच घराबाहेर काढलं. आता पैसे देऊन सरकारं हवी तशी फिरवता येत असती, तर हे झालं असतं का, एवढं त्या ग्रुपवर विचारून बघा.

पण म्हणून हा माणूस देव आहे असंही माझं म्हणणं नाही. १९९२ मध्ये ब्रिटिश पौंड पडणार यावर पैज लावून त्याने शंभर कोटी डॉलरच्या आसपास कमावले. त्याला कुणी निवडून दिलेलं नाही, आणि कुठल्या देशात कुठला प्रश्न महत्त्वाचा हे न्यूयॉर्कच्या ऑफिसात ठरतं, हे मला खटकतं. २०१७ मध्ये बाहेर आलं की त्याने तब्बल १८ अब्ज डॉलर ओपन सोसायटी फाउंडेशन्स या स्वतःच्याच देणगी देणाऱ्या संस्थेकडे वळवलेत. मग २०२३ मध्ये कारभार मुलाकडे गेला आणि त्याच वर्षी ठरलं की स्टाफ किमान ४० टक्के कमी करायचा, युरोपातलं कामही आवरतं घ्यायचं. आता ज्या संस्था याच एका नळावर पाणी भरत होत्या त्यांनी काय करायचं? षड्यंत्रापेक्षा मला या गोष्टीची जास्त काळजी वाटते.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला असते. आमच्या गावात माहिती अधिकाराचे अर्ज कसे करायचे ते शिकवणारी एक छोटी संस्था आहे, तिला दरमहा थोडे पैसे पाठवायचे म्हणते. संस्थावाले मात्र नको नको म्हणतात. असं का? (एक वाचक, कराड)

उत्तर : ताई, आधी मुलीचा पासपोर्ट बघा. भारतीय असेल तर तिच्या स्वतःच्या कमाईतले, बँकेतून रीतसर आलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन नागरिक झाली असेल तर मात्र, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी, ती कायद्याने परकीयच, आणि संस्थेला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा आधी परवानगी लागते. नोंदणीसाठी साधारण तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, गावातली संस्था कुठून दाखवणार. पूर्वी मोठ्या संस्थेकडून छोटीकडे पैसे यायचे, २०२० च्या दुरुस्तीने तेही बंद केलं. शिवाय खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच हवं आणि परदेशी देणगीतून ऑफिसखर्च करायची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणलीय. त्यामुळे ते घाबरतात यात त्यांची चूक नाही. मुलीने तुम्हाला पाठवायचे आणि तुम्ही संस्थेला द्यायचे, ही शक्कल सीएला विचारल्याशिवाय लढवू नका.

हा कायदा मुळात १९७६ चा, म्हणजे आणीबाणीतला. २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने भाजप आणि काँग्रेस दोघांनीही तो मोडल्याचं म्हटलं, तर २०१८ च्या वित्त कायद्यातून त्यातली दुरुस्ती थेट १९७६ पासून लागू करून टाकली आणि दोघंही सुटले. संस्थांसाठी मात्र असं मागे जाऊन काही बदलल्याचं ऐकलं नाही हां.

प्रश्न : मग बाहेरच्या पैशाशिवाय हे काम होतच नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होतं की. राजस्थानातली मजदूर किसान शक्ती संघटना, १९९० ची, अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह यांची. परदेशी किंवा फंडिंग संस्थांचा पैसा घ्यायचाच नाही हे त्यांचं ठरलेलं. १९९६ मध्ये ब्यावरला माहितीच्या हक्कासाठी ४० दिवस धरणं चाललं, घोषणा काय तर हमारा पैसा, हमारा हिसाब, आणि जेवणाचं कसं, तर गावागावातून लोक धान्य घेऊन यायचे आणि बाजारातले भाजीवाले भाजी द्यायचे.