पिकअपचं अ‍ॅव्हरेज: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या डिझेल पिकअपचं अ‍ॅव्हरेज कंपनीने १४ सांगितलंय. डॅशबोर्ड १२ दाखवतो, हिशेब केला तर साडेदहा निघतं. एअर फिल्टर बदलला, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल साफ करून घेतले, तरी फरक नाही. दोष कुठे शोधू?

उत्तर: आधी मोजणी पक्की करा, तोवर आणखी पार्ट बदलू नका. डॅशबोर्डचा आकडा हा अंदाज असतो आणि बहुधा थोडा जास्तच दाखवतो. एकाच पंपावर, पहिल्या ऑटो-कटला (पंपाची नळी आपोआप बंद होते तिथे) थांबून टाकी फुल करा, निदान ४०० किलोमीटर चालवा आणि पुन्हा तसंच भरा. किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. एका टाकीवर विश्वास नको, तीन टाक्यांची सरासरी धरा. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत, ठरलेल्या वेगांवर काढलेला असतो, त्यामुळे काही तफावत राहणारच.

मग टायर बघा. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी, थंड टायरमध्ये तपासा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो आणि बऱ्याच पिकअपमध्ये रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी तो वेगळा असतो. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नसतो. चारही टायरमध्ये १० पीएसआय हवा कमी असेल तर साधारण २ टक्के इंधन जातं, शिवाय टायर कडांनी झिजतात.

त्यानंतर, आणि हे बहुतेकांकडून राहतं, ब्रेक धरून राहतोय का ते पाहा. दहा किलोमीटर चालवा, शेवटी ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी थांबू द्या आणि प्रत्येक रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. समतल जागी बाकीच्या चाकांना उटी (दगड किंवा ठोकळा) लावून ते चाक जॅकवर घ्या, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि हाताने फिरवा. पॅड किंचित घासणं चालतं, जोर लावावा लागणं चालत नाही. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सुकलेल्या पिना किंवा गंजलेली हँडब्रेक केबल ही नेहमीची कारणं. पिनांना ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

मोकळ्या रस्त्यावरही तापमानाचा काटा मधोमध येत नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बहुधा उघडा अडकलाय. इंजिन थंड राहतं आणि जास्त डिझेल पितं. काळा धूर असेल तर टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) पाइपांना चीर आहे का, क्लिप ढिल्या आहेत का, हे तपासा.

हे सगळं ठीक निघालं तर उरतो वेग. ८० ऐवजी १०० ने चालवलं की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. उंच, चौकोनी पिकअपला त्याची मोठी किंमत मोजावी लागते. तीन टाक्या ८० ने चालवून बघा, दुसरा कुठलाही फुकटचा उपाय इतका फरक पाडत नाही.

प्रश्न: मागचा फाळका उघडा ठेवला तर वारा अडत नाही म्हणतात. खरं आहे?

उत्तर: नाही. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्यावरून सरकते. उघडल्यावर तो मोडतो. हौद्यावर घट्ट बसणारं सपाट आवरण थोडा फायदा देतं, पण फडफडणारी ताडपत्री उलट तोटा करते.

प्रश्न: मोठे टायर टाकले आणि अ‍ॅव्हरेज पडलं.

उत्तर: थोडं खरंच पडलंय, थोडं मीटरमुळे दिसतंय. व्यास ७० सेंटिमीटरवरून ७३.५ झाला तर चाक एका फेऱ्यात ५ टक्के जास्त जातं. मीटर ५०० दाखवेल तेव्हा गाडी ५२५ गेलेली असते. आकड्याला १.०५ ने गुणा. त्यानंतरही जी घट उरेल ती टायरच्या वजनाची आणि रुंदीची. वेगाचा काटाही तेवढाच कमी दाखवतोय, हे विसरू नका.

प्रश्न: उतारावर न्यूट्रल केलं तर डिझेल वाचतं का?

उत्तर: गिअरमध्ये पाय काढला की आताच्या इंजिनात इंधन पूर्ण बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगचं (इंजिन नुसतं चालू ठेवण्यापुरतं) डिझेल जळत राहतं. शिवाय भरलेल्या गाडीला इंजिनचा आधार राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर ते तापून निकामी होऊ शकतात.