शाळेचा निर्णय नेमका कुठे होतो?

प्रिय,

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. एका तालुक्यातली कुटुंबं मुलांची शाळा कशी ठरवतात, हा विषय तू घेतलास याचा मला मनापासून आनंद आहे. पण प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर तू विचारलं आहेस, 'तुम्ही ही शाळा का निवडली?' तो प्रश्न काढून टाक. आज मुख्यतः तेवढंच सांगायला लिहिते आहे.

या प्रश्नाला उत्तर सगळे देतील. 'शिस्त चांगली आहे', 'इंग्रजी येतं', 'जवळ पडते'. लोक खोटं बोलणार नाहीत. पण शहरातून वही घेऊन आलेल्या मुलीसमोर आपण विचार करून ठरवलं असंच कुठल्याही आईबापाला सांगावंसं वाटतं, आणि ते सांगताना घडलेलं सगळं गळून जातं. म्हणून 'का' विचारू नकोस, काय घडलं ते विचार. या शाळेचं नाव घरात पहिल्यांदा कुणी काढलं? फॉर्म कुणी भरला? पहिल्या हप्त्याचे पैसे कुठून आले? थोरल्याला कुठे घातलं होतं, आणि धाकटीच्या वेळी वेगळं का झालं? त्या वर्षी घरात आजारपण, लग्न, विहिरीचं काम असं काय चाललं होतं? हे ऐकताना तुझ्या लक्षात येईल की आईबापांसमोर प्रश्न येईपर्यंत निम्मं ठरून गेलेलं असतं.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण दादरचं आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या मराठी कुटुंबांचा वीस वर्षांचा काळ अभ्यासला. निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. 1991 नंतर इंग्रजी शिकलेल्यांची मिळकत झपाट्यानं वाढली, तरी कष्टकरी जातींतली मुलं मोठ्या प्रमाणात मराठी माध्यमातच जात राहिली. गिरणीत, गोदीत, कारखान्यात माणूस लावायचा तो जातभाईंच्या ओळखीनं. बाप, काका, मामा ज्या वाटेनं गेले ती वाट मुलासाठी तयार होती, आणि त्या वाटेला इंग्रजी लागत नव्हतं. मुलींसाठी अशी वाट कुणी बांधलेलीच नव्हती. त्यामुळे त्याच घरांतल्या मुली इंग्रजी शाळांकडे अधिक वेगानं वळल्या.

यावर थोडं थांब, कारण तुझ्या आराखड्यात 'मुलींना दुय्यम शाळा मिळते' असं गृहीत धरलेलं आहे. गावोगाव तसं दिसतंही: मुलगा पिवळ्या व्हॅननं इंग्लिश स्कूलला आणि बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत. दादरला उलटं झालं, आणि तेही मुलीचा मान वाढला म्हणून नाही. तेव्हा प्रत्येक ठिकाणी आधी हे शोध की शाळेच्या पुढची वाट कुणासाठी कुठे जाते आणि ती कुणाच्या हातात आहे. माध्यमाचा प्रश्न बहुतेक वेळा त्या वाटेच्या मागून येतो.

तुझा तालुका बीडच्या डोंगरपट्ट्यातला, म्हणजे तुला ऊसतोड टाळता येणार नाही. तिथे मुलांच्या शाळेचं पहिलं कलम मुकादमाच्या, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत लिहिलं जातं. उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ मजुरी, घेतली की दिवाळीच्या सुमारास निघायचं आणि गुढीपाडव्याच्या आसपास परतायचं, म्हणजे शाळेचं अख्खं दुसरं सत्र गेलं. मूल मागे राहणार की फडावर जाणार हे आईच्या इच्छेपेक्षा घरात आजी आहे का, तिच्यानं भाकरी होते का, गावात हंगामी वसतिगृह यंदा वेळेवर सुरू झालं का, यांवर ठरतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला आजीच्या भरवशावर सोडायची आईला भीती वाटते. सोबत नेलं तर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, स्वयंपाक आणि धाकटी भावंडं तिच्याकडे येतात. आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. उचल जोडीला मिळते. मुलीची सातवी-आठवी आणि तिचं लग्न यांतलं अंतर कुठे कमी होतं ते इथे दिसेल. 'पालकांमध्ये जागृती नाही' हे वाक्य तुझ्या प्रबंधात मला कुठेही दिसू नये. त्या आया तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त हिशेब करतात.

जे स्थलांतर करत नाहीत त्यांच्याबाबत एसटीचं वेळापत्रक मिळव. गावातली शाळा चौथीला किंवा सातवीला संपते. पुढे मुलींना पास मोफत आहे, काही तालुक्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसही आहेत. पण शाळा सुटल्यावरची गाडी अंधार पडल्यावर गावात पोचत असेल तर मोफत पास कपाटात राहतो. 2023 मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारनं मांडला, पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूह शाळांचे दाखले दिले. वीसच्या आत पट असलेल्या वाडीवरच्या शाळेबद्दल कागदावर तो हिशेब सरळ दिसतो. मला तो मान्य नाही. पहिलीतल्या पोराला ओढा ओलांडून पाठवायचं की नाही, हा प्रश्न मग त्या घरावर येऊन पडतो, आणि पट घसरला की दोष पुन्हा पालकांनाच लागतो.

शाळेचा भार घरावर टाकायचा की राज्यानं उचलायचा, हा वाद आपल्याकडे जुना आहे. जोतीराव फुल्यांनी 1882 साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे सांगितलं की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर; प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करावं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलं, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. दंडाची गोष्ट सगळे सांगतात. पण सक्तीबरोबर शाळा उघडण्याची जबाबदारी संस्थानानं स्वतःवर घेतली होती, तिच्याकडे लक्ष दे.

तालुक्याच्या गावी गेलीस की शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के प्रवेशांची घरंही बघ. नावाला ती सोडत असते, पण सोडतीत नाव जाण्याआधीच गाळणी लागलेली असते. उत्पन्नाचा दाखला, नोंदणी केलेला भाडेकरार, ऑनलाइन अर्जाची शेवटची तारीख हे सगळं कुणाला वेळेवर कळलं? बहुतेकदा एखादी शेजारीण, अंगणवाडी ताई किंवा सायबर कॅफेतला मुलगा हेच खरे सल्लागार असतात. त्यांच्या मुलाखती घे. 2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट. जुलैत उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. मधल्या काळात ज्यांची मुलं पहिलीच्या वयाची होती, त्यांनी काय केलं हे विचार.

आणि शाळाही मुलं निवडतात. प्रवेशासाठी चाचणी किंवा मुलाखत घ्यायला कायद्यानं बंदी आहे, पण 'तुमच्या मुलाला इथे जड जाईल हो' हे वाक्य कुठल्याच रजिस्टरात येत नाही. ते आईनं सांगितलं तरच तुला कळेल, आणि पहिल्या भेटीत ती सांगणार नाही.

रजिस्टरावरून आठवलं: प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर मागून बघ. शाळा सोडल्याचं कारण लिहायला त्यात रकाना असतो. तिथे 'पालकांच्या विनंतीवरून' असं ओळीनं लिहिलेलं दिसेल. त्यातली काही नावं मुख्याध्यापकांच्या परवानगीनं टिपून घे, त्या घरी जा. शाळेत असलेल्या मुलांचे पालक शाळेतच भेटतात, म्हणून सगळे अभ्यास त्यांच्यावरच होतात. सोडून गेलेल्यांना भेटायला चालावं लागतं.

दिवाळीनंतर गेलीस तर निम्म्या घरांना कुलूप असेल. त्यामुळे पहिली फेरी गणपतीच्या आधी कर आणि दुसरी पाडव्यानंतर, त्याच घरांत. सुधारलेली प्रश्नावली पाठव. त्यात आजी आणि शाळेत जाणारं मूल या दोघांसाठी स्वतंत्र पान ठेव; मुलाशी बोलताना मोठी माणसं शेजारी नसतील अशी वेळ शोध.

तुझी,
बाई