मॅक्रो फोटोग्राफीत वर्षभर टिपण्यासारखं काय सापडतं? त्यासाठी महागडी लेन्स लागतेच का?

तुम्ही लिहिलंय की साधा कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली किट लेन्स आहे, जंगलात वगैरे जाणं जमत नाही, पण बारीकसारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढायची फार हौस आहे. मग वर्षभर विषय कुठून आणायचे, आणि मॅक्रो लेन्स आधी घ्यावी का?

लेन्सचं नंतर बोलू. आधी एक झाड ठरवा. एकच.

सुरुवातीला मी रोज नवी जागा शोधत हिंडायचे आणि परत यायचे ती फुलांचे तेच ते फोटो घेऊन. मग घराजवळच्या कमरेएवढ्या लिंबाच्या झाडाशी रोज दहा मिनिटं बसायचं ठरवलं. पहिला आठवडा काहीच दिसलं नाही. नंतर एका कोवळ्या पानावर फिकट पिवळा ठिपका दिसला, टाचणीच्या डोक्याएवढा. ते फुलपाखराचं अंडं होतं. लिंबावरची ही फुलपाखरं अंडी एकेक सुटी घालतात, त्यामुळे एक सापडलं की शेजारची पानं उलटून बघायची सवय लागते. अळी बाहेर यायच्या आधी अंडं गडद होतं. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. मोठी होऊन शेवटची कात टाकली की तीच हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. एकदा माझ्या हाताने फांदी हलली, तर तिने डोक्यामागून दोन फाट्यांचं केशरी शिंग बाहेर काढलं आणि उग्र वास सुटला. फोटोसाठी तिला मुद्दाम डिवचू नका, घाबरली की तिचं खाणं थांबतं.

कोष झाल्यावर रोज सकाळी लवकर बघा. फुलपाखरू बहुधा सकाळीच बाहेर पडतं. ओले, चुरगळलेले पंख खाली सोडून ते लोंबकळत बसतं आणि पंख ताणून वाळेपर्यंत कुठेही जात नाही. एरवी फुलपाखरामागे धावून जे मिळत नाही ते या वेळात मिळतं. पण तो कोष त्या फांदीवर आहे हे तुम्हाला आधीच माहीत असायला हवं. म्हणून तर एक झाड.

आता कॅमेऱ्याचं. वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, उमटली की त्याला एकास एक म्हणतात. फुल फ्रेम सेन्सर (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा) ३६ मिमी रुंद असतो, म्हणजे ३६ मिमीची वस्तू अख्खी चौकट भरते. लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र म्हणजे ॲपर्चर; एफचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान. एकास एकला एफ ८ वर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १ मिमी असतो. माशीचा डोळा शार्प आला तर पंख धूसर. त्यामुळे काय शार्प हवं ते आधी ठरवावं लागतं. किडा असेल तर डोळा, यात मी तडजोड करत नाही. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर सेन्सर पंखाला समांतर धरा, सगळा पंख एका पातळीत येतो. ॲपर्चर खूप बंद करूनही भागत नाही, कारण एकास एकला एफ ८ हे प्रकाशाच्या दृष्टीने एफ १६ सारखं वागतं, आणि आणखी बंद केलं की विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो. मी एफ ८ ते एफ ११ मध्येच राहते.

ऑटोफोकस विसरा. फोकस हाताने एका जागी ठेवा आणि स्वतः किंचित पुढे-मागे झुका. डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबा, एका वेळी चार-पाच फोटो घ्या. वाऱ्यासाठी एक युक्ती: किडा बसलेली काडी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरा आणि त्याच हातावर लेन्स टेकवा. आता काडी हलली तर लेन्सही तिच्याबरोबरच हलते. ट्रायपॉडपेक्षा मला हे कितीतरी जास्त उपयोगी पडलं आहे.

प्रकाशावर मात्र मेहनत घ्या, लेन्सपेक्षाही जास्त. फ्लॅश उघडा मारला की किड्याच्या पाठीवर पांढरा चट्टा उमटतो. फ्लॅशसमोर वहीच्या पानाएवढा ट्रेसिंग पेपर धरा, शक्य तितका किड्याच्या जवळ. इवल्याशा मुंगीच्या मानाने तो कागद म्हणजे आभाळभर पसरलेला ढग! सूर्य प्रचंड असला तरी इतका लांब आहे की आपल्याला तो छोट्या दिव्यासारखाच, म्हणून दुपारच्या सावल्या कडक पडतात.

आणि लेन्स? आत्ता घेऊ नका. एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे नुसती पोकळ नळी, आत काच नसते. ५० मिमीच्या लेन्समागे २५ मिमीची नळी लावली की निम्मा आकार मिळतो, ५० मिमीची लावली की एकास एक. किट लेन्सवर क्लोज-अप फिल्टर, म्हणजे लेन्सच्या पुढे बसवायचं भिंग, चालतो. +४ चा असेल तर अनंतावर (सर्वात लांबच्या फोकसवर) ठेवलेली लेन्स २५ सेंमीवर फोकस करते. मॅक्रो लेन्सचा खरा फायदा अंतराचा. १०० मिमीची असेल तर एकास एकलाही किड्यापासून वीतभर नाही तरी बऱ्यापैकी लांब राहता येतं, तो बिचकत नाही. वर्षभर नळीवर काम करून ती गरज जाणवली तर जरूर घ्या.

ऋतूंचं म्हणाल तर पावसाळ्यात थेंबांमागे लागा. मेणचट पानावर थेंब पसरत नाही, गोळी होऊन बसतो, आणि त्याच्या मागे एखादं फूल असेल तर ते थेंबात उलटं दिसतं. फोकस थेंबाच्या कडेवर न ठेवता त्या आतल्या उलट्या फुलावर ठेवा. सकाळी गवताच्या टोकांवर ओळीने दिसणारे टपोरे थेंब नेहमी दवाचेच असतात असं नाही. मुळांनी रात्रभर ओढलेलं जास्तीचं पाणी पानांच्या टोकांतून आणि कडांतून असं बाहेर येतं. दव सगळ्या पानावर बारीक पसरतं, हे थेंब ठरावीक जागीच येतात.

हिवाळा माझा सर्वात आवडता. थंडीत कीटकांचं अंग आखडलेलं असतं, ऊन मिळेपर्यंत त्यांना उडता येत नाही. दवाने न्हालेला चतुर काडीला चिकटून बसलेला असतो आणि तुम्ही अगदी जवळ जाऊ शकता. उजाडायच्या आधी पोचा. ऊन अंगावर आलं की तो पंख थरथरवायला लागतो, तेव्हा बाजूला व्हा. बर्फ पडत असेल तर विल्सन बेंटली आठवावा. अमेरिकेतल्या जेरिको गावच्या या शेतकऱ्याने १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या १९ व्या वर्षी, कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडून हिमस्फटिकाचा फोटो काढला. पुढे ५,००० हून जास्त स्फटिक टिपले, तेही आपल्या गावातच राहून.

उन्हाळ्यात सकाळी मावा आणि मुंग्या बघा. मुंगी मिशांनी माव्याला थोपटते आणि तो गोड थेंब सोडतो, तो क्षण पकडायला मला बरेच दिवस लागले. वाळकं पान उन्हासमोर धरलं की शिरांची जाळी उजळते. दुपारी घरातच थांबा. मीठ भिंगाखाली बघा, चौकोनी ठोकळे दिसतील. आणि साबणाचा पडदा तर कराच. तारेचं कडं साबणाच्या पाण्यात बुडवून उभं धरा, मागे काळं कापड, आणि खिडकीचा पांढरा उजेड पडद्यावरून कॅमेऱ्यात येईल असा कोन. पाणी खाली निथळतं तसे रंगांचे आडवे पट्टे सरकायला लागतात. वरचा भाग प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही कितीतरी पातळ झाला की तिथे रंग उरत नाही, काळं दिसतं. तो काळा पट्टा दिसला की थांबू नका, लगेच फोटो घ्या. पडदा आता कधीही फुटेल.