पोलिओवाल्यांचा 'चांगला' पाय चाळिशीनंतर का दगा देतो

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि माझंच कोणीतरी लिहिलंय असं वाटलं. तुम्हाला दीड वर्षाच्या असताना उजव्या पायाला पोलिओ, आणि आता शेहेचाळिसाव्या वर्षी डावा, म्हणजे चांगला पाय जिन्यात थरथरतोय, दुपारपर्यंत अंगातलं त्राण जातं, वर सासूबाई विचारतायत की पोलिओ उलटला का, बाळाला लागेल का.

आधी सासूबाईंचं. नाही लागणार. तो व्हायरस विष्ठेतून हाताला, पाण्याला लागून पोटात जायचा, आणि तुमच्या शरीरातून तो कधीच गेलाय. तेव्हा गल्लीतल्या कितीतरी पोरांच्या पोटात गेला असेल, पण लागण झालेल्या साधारण २०० मुलांमागे एकालाच कायमचा लुळेपणा यायचा. बाळाचे डोस मात्र चुकवू नका, भारतातली नैसर्गिक पोलिओ व्हायरसची शेवटची केस २०११ ची हावड्याची असली तरी पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो अजून आहे.

आता पायाचं. पोलिओत मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मरतात. ज्या वाचतात त्या नवीन फांद्या फोडून मेलेल्यांचे स्नायूही सांभाळतात, एकशिक्षकी शाळेतले गुरुजी चार वर्ग एकटेच घेतात ना, तसं. तीस-चाळीस वर्षं असं रेटल्यावर त्या थकतात. याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम, म्हणजे पीपीएस म्हणतात. आणि आपण ज्याला चांगला पाय म्हणतो त्यालाही लहानपणी थोडाफार फटका बसलेला असू शकतो, फक्त तो भरून निघालेला असतो म्हणून कोणाला कळत नाही.

हे मला माहीत नव्हतं आणि तिथेच माझं सगळ्यात मोठं नुकसान झालं. चव्वेचाळीसची असताना एका फिजिओथेरपी सेंटरला गेले (नाव लिहीत नाही). उजव्या पायात कॅलिपर (आधाराच्या पट्ट्यांची चौकट) समोर दिसत होता तरी पोलिओबद्दल एक प्रश्न विचारला नाही. बसून बसून स्नायू गेलेत म्हणाले, आणि डाव्या घोट्याला दोन किलोची वाळूची पट्टी बांधून पाय उचलायला लावला, थरथर सुटेपर्यंत, रोज. दुसऱ्या दिवशी उठवायचं नाही, मांडी आतून फडफडायची, ते सांगितलं तर म्हणे सवय नाही म्हणून, अजून वाढवा. मी वाढवलं. मला वाटलं मीच आळस करतेय. चार महिन्यांनी जमिनीवरून कशालाही न धरता उठता येणं बंद झालं ते आजतागायत बंदच आहे. अजूनही आठवलं की रडू येतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, घाम गाळा म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. व्यायाम सोडायचा असंही नाही, हलका, मधे मधे थांबून, आणि दुसऱ्या दिवशीही थकवा उतरला नाही तर कालचं जास्त झालं असं समजायचं. मी डॉक्टर नाही हां, माझ्या शरीराचं सांगतेय. थायरॉइड, बी-१२, कंबरेचे मणके हे आधी तपासून घ्या, कारण पीपीएसची अशी एक टेस्ट नसते, बाकीचं नाही हे बघूनच ठरवतात. शक्यतो पुनर्वसनाचे म्हणजे पीएमआरचे डॉक्टर गाठा, मुंबई जवळ असेल तर हाजीअलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत.

काठी घ्या. लोक काय म्हणतील म्हणून मी तीन वर्षं घेतली नाही आणि दोनदा पडले. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना पोलिओ झाला होता हे स्वतःहून सांगा, आपल्याला भुलेच्या औषधांचा परिणाम जास्त होऊ शकतो.

आणि एक, माझी आई शेवटपर्यंत म्हणायची की तापात सुई टोचून आणली म्हणून तुझा पाय गेला. व्हायरस अंगात असताना स्नायूत इंजेक्शन दिलं तर त्या पायाला लुळेपणाचा धोका वाढतो हे खरंय, पण तिला ते कसं कळणार होतं, तिने तर औषधासाठीच नेलं होतं. तुमच्या आई असतील तर त्यांना दोष न देता एवढंच विचारा, त्या तापात डावा पायही दोन-चार दिवस ढिला पडला होता का. माझ्या मावशीला आठवलं. पडला होता म्हणे, आठवडाभर.