ओम्नी व्हॅनच्या पुढच्या काचेतून पाणी गळत असल्यास कोणते सीलंट वापरावे?

आपण लिहिले आहे की, आपली मारुती ओम्नी जुनी आहे, रत्नागिरीत ती शाळेच्या मुलांसाठी चालते, मोठा पाऊस लागला की डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी ठिबकते, आणि गॅरेजवाल्याने रबराच्या कडेने बाहेरून सिलिकॉन फिरवूनही काही उपयोग झाला नाही. अशा गाड्यांचे काम मी करतो, त्यामुळे सीलंटच्या नावाआधी ते नेमके कुठे भरायचे याविषयी लिहितो; कारण बहुतेकांचे सीलंट चुकत नाही, जागा चुकते.

ओम्नीची पुढची काच नव्या मोटारींप्रमाणे पत्र्याला चिकटवलेली नसून रबरी बीडिंगमध्ये, म्हणजे काचेभोवतीच्या जाड रबरी पट्टीत, बसवलेली असते. या रबराला दोन खाचा असतात: एकीत काच बसते, दुसरीत पत्र्याची कड. म्हणजे पाण्याला आत शिरायला दोन वाटा आहेत, एक काच आणि रबर यांच्यामधली आणि दुसरी रबर आणि पत्रा यांच्यामधली. ऊन खाऊन रबर कडक होते, आखडते आणि सर्वांत आधी कोपऱ्यांत पत्र्यापासून सुटते. त्यात खड्ड्यांच्या रस्त्यावर बॉडी पिळवटते, तो ताणही कोपऱ्यांवरच येतो. वरच्या कोपऱ्यातून शिरलेले पाणी खाचेतून वाहत खाली येते आणि सर्वांत सखल जागी बाहेर पडते, त्यामुळे जिथे ठिबकते तिथेच ते शिरते असे मुळीच नाही.

म्हणून आधी गळतीची जागा शोधावी. एकाने आत टॉर्च घेऊन बसावे, रबराच्या आतल्या कडेला वर्तमानपत्राच्या कोरड्या पट्ट्या खोचाव्यात, आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने, जोर न लावता, पाणी सोडावे. सुरुवात खालून करावी, एकेका भागावर काही मिनिटे थांबावे आणि मगच वर सरकावे. वरून सुरुवात केल्यास सगळीकडे पाणी ओघळते आणि काहीच कळत नाही. वायपरच्या दांड्याभोवतीचे रबर आणि छताच्या पन्हाळीचा सांधाही याच वेळी तपासावा. काचेवर खापर फुटते आणि गळती पन्हाळीची निघते, असे प्रसंग कमी नसतात.

आता सीलंट. रबरात बसवलेल्या काचेसाठी मी न सुकणारे, कायम मऊ राहणारे ब्युटाइल (एक कृत्रिम रबर) जातीचे सीलंट वापरतो, कारण काच, रबर आणि पत्रा यांची थोडी हालचाल चालूच राहते आणि मऊ सीलंट तिच्याबरोबर हलते. पॉलियुरेथेन जातीचे सीलंट उत्तम चिकटते हे खरे, पण ते चिकटवलेल्या काचांसाठी आहे. ओम्नीत ते भरले, तर पुढे रबर बदलताना काच धड निघण्याची शक्यता फारच कमी. एम-सील ही इपॉक्सी आहे, सुकल्यावर दगड होते आणि हादऱ्यांनी तडकते, म्हणून ती इथे नकोच. ब्युटाइल मिळालेच नाही तर सिलिकॉन चालेल, पण ते न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना ॲसिड न सोडणारे, असावे. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून सुकताना ॲसेटिक ॲसिड सुटते आणि उघड्या पत्र्याला गंज चढतो.

आपल्या बाबतीत खरी कटकट आधीच्या सिलिकॉनची आहे. सुकलेल्या सिलिकॉनवर दुसरे काहीच नीट धरत नाही, नवे सिलिकॉनसुद्धा नाही. तो सगळा थर हाताने सोलून, उरलेला प्लास्टिकच्या पातळ पट्टीने खरवडून काढावा. जुने एटीएम कार्ड यासाठी छान चालते. स्क्रूड्रायव्हर मात्र लावू नये, काचेच्या कडेला टवका उडाला तर तिथूनच तडा धावतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने पुसावे. पेट्रोल किंवा थिनर वापरू नये; त्याने रबर फुगते, आणि ते काचेच्या कडेत मुरल्यास पुढची काच ज्या दोन थरांची बनते त्यांच्यामधल्या प्लास्टिकलाही इजा होऊ शकते.

पावसाची उघडीप बघून गाडी सावलीत आणावी, फट पूर्ण कोरडी होऊ द्यावी आणि कडेला मास्किंग टेप लावावी. त्याच कार्डाने रबराची बाहेरची पाकळी (पातळ कड) उचलून धरावी, सीलंटच्या नळकांड्याचे तोंड तिरके, तीन-चार मिलिमीटर कापून रबराच्या आत घालावे, आणि गन सावकाश दाबत गळतीच्या जागेच्या दोन्ही बाजूंना वीतभर पुढेपर्यंत सीलंट भरावे. पाकळी सोडून अंगठ्याने दाबली की थोडे सीलंट बाहेर येते. ते आले म्हणजे आत पोकळी राहिली नाही असे समजावे. बाहेर आलेले सीलंट पुसावे आणि टेप लगेच काढावी.

पाकळी उचलल्यावर आत पत्र्याला पोपडे धरलेले दिसले, किंवा कार्ड लावताच तांबूस भुगा पडू लागला, तर मात्र हात आवरावा. गंजावर भरलेले सीलंट गंजालाच चिकटते, आणि पोपडा सुटला की त्याच्याबरोबर सुटते. शिवाय आत कोंडलेल्या ओलाव्याने पत्रा आतून अधिकच खाल्ला जातो. तिथे काच उतरवून, कड घासून, इपॉक्सी प्रायमर आणि रंग देऊन नव्या रबरात काच बसवणे एवढाच मार्ग आहे. नवे रबर बसवताना त्याच्या खाचेत दोरी घालून, साबणाच्या पाण्याने ओले करून, ती दोरी आतून ओढत पाकळी पत्र्यावर चढवावी लागते. याला दोन सराईत माणसे लागतात, घरी करू नये. गाडी रोज मुलांना नेते, तेव्हा गंजावर ते फार टिकणार नसले तरी सध्या सीलंटवर कसाबसा पावसाळा निभावून हे काम दिवाळीच्या सुट्टीत करून घ्यावे. तोवर पायाखालचे रबरी मॅट आणि त्याखालचे अस्तर काढून वाळवत राहावे, कारण पाणी तिथेच मुरून राहते आणि तळाचा पत्रा गंजायला तिथूनच सुरुवात होते.