स्प्रिंग बदलून गाडी इंचभर खाली घेतली. चलानही आलं, क्लेमही नाकारला

प्रश्न: मी नेरूळला राहतो. माझ्याकडे दोन सीटची स्पोर्ट्‌स कार आहे. वर्षभरापूर्वी मूळ स्प्रिंग काढून थोड्या आखूड आणि कडक अशा जर्मन बनावटीच्या स्प्रिंग बसवल्या. गाडी २५ मिलिमीटर खाली आली. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचा तळ आणि रस्ता यांतलं अंतर, १३० मिलिमीटर होता, तो १०५ झाला. बाकी काहीही बदललेलं नाही. गेल्या महिन्यात पाम बीच रोडवर ट्रॅफिक पोलिसांनी थांबवून कलम १८२-ए(४) खाली ५,००० रुपयांचं ई-चलान केलं. त्यानंतर काही दिवसांनी तुर्भ्याला सिग्नलवर उभा असताना मागून टेम्पोनं ठोकलं. डिकी, मागचा बंपर, सायलेन्सर, सगळं गेलं. विमा कंपनीच्या सर्व्हेयरनं स्प्रिंग पाहिल्या, ऑइल चेंबरखालचे जुने ओरखडे पाहिले, आणि 'गाडीत अनधिकृत बदल' असं कारण देऊन कंपनीनं पूर्ण क्लेम नाकारला. गॅरेजवाला म्हणतो, जुन्या स्प्रिंग परत टाकू आणि काही बदललंच नव्हतं असं सांगू. वडील म्हणतात, चलान भर आणि मोकळा हो. काय करू?

उत्तर: पहिली गोष्ट, गाडीला कोणाला हात लावू देऊ नका. गॅरेजवाल्याचा सल्ला तुम्हाला बुडवेल. सर्व्हेयरकडे फोटो आहेत, चलानासोबत बहुधा पोलिसांकडेही आहेत. आज स्प्रिंग काढून 'बदल नव्हताच' म्हणालात, की तुमची मुळात बऱ्यापैकी भक्कम असलेली बाजू खोटेपणाच्या आरोपाखाली गाडली जाईल. स्प्रिंग बदलणं हे समर्थन करता येईल असं कृत्य आहे. ते लपवण्याचं समर्थन कोणताही वकील करू शकणार नाही.

आता चलान. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचे तपशील कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकानं गाडीत करू नये. तुमची आरसी काढून बघा. त्यावर व्हीलबेस आहे, सिलिंडर आणि क्युबिक कॅपॅसिटी आहे, रिकाम्या गाडीचं वजन, आसनं, रंग, इंधन, इंजिन आणि चॅसी नंबर आहे. ग्राउंड क्लिअरन्स नाही. स्प्रिंगचा तर उल्लेखही नाही. शिवाय या कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे, ते फार थोडे लोक वाचतात: 'बदल' म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे त्याचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. स्प्रिंगच्या जागी स्प्रिंगच आली, माउंटिंग तेच, चॅसीला कुठे कापलं नाही, वेल्डिंग नाही. यानं गाडीचं मूलभूत वैशिष्ट्य बदललं असं म्हणणं अवघड आहे.

कलम १८२-ए(४) २०१९ च्या दुरुस्तीत आलं. कायद्यानं किंवा नियमांनी परवानगी नसलेला बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे शिक्षा या कलमात असली, तरी बदल मुळात निषिद्ध होता का, हे ठरवताना आपण कलम ५२ कडेच वळतो. तुमचा बचाव तिथेच आहे.

समोरची बाजू सर्वोच्च न्यायालयाचा ९ जानेवारी २०१९ चा निकाल दाखवेल, रीजनल ट्रान्सपोर्ट ऑफिसर विरुद्ध के. जयचंद्र. कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन बदलेल असा फेरफार करता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. हे वाक्य तुमच्या विरोधात वाचता येतं, हे मी लपवणार नाही. पण त्याच निकालात न्यायालय आरसीत नोंद करण्यासाठी कंपनीनं दिलेल्या तपशिलांबद्दल बोलतं. ते वाक्य तुमच्या बाजूचं आहे, आणि तुम्ही त्याच्यावर उभं राहायचं. निकाल तुमच्याच बाजूनं लागेल अशी हमी मी देत नाही. लढण्याजोगा मुद्दा आहे, एवढं नक्की.

म्हणून वडिलांचा सल्ला आत्ता मानू नका. चलान भरलं की कलम २०० खाली गुन्ह्याची तडजोड झाली, म्हणजे दंड भरून प्रकरण मिटवलं, असं धरलं जातं, आणि उद्या विमा कंपनी तीच पावती 'बदल बेकायदा होता हे यांनीच मान्य केलं' म्हणून पुढे करेल. महाट्रॅफिक या ई-चलानच्या पोर्टलवर चलानाविरुद्ध तक्रार नोंदवा. सोबत आरसी, स्प्रिंगचं बिल आणि चारही चाकांचे फोटो जोडा. तिथे दाद लागली नाही, तर चलान न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाऊ द्या. विम्याचा वाद नसता, तर ५,००० रुपयांसाठी कोर्टाच्या फेऱ्या मारा असं मी सांगितलं नसतं.

गाडी जप्त होण्याची भीती मनातून काढा. कलम २०७ खालची जप्ती लायसन्स, नोंदणी आणि परमिटच्या भंगासाठी आहे. आरटीओला कलम ५३ खाली गाडी धोकादायक वाटल्यास नोंदणी निलंबित करता येते, पण आधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि कलम ५७ प्रमाणे ३० दिवसांत अपील करता येतं. इथे एक कागद तुमच्या खूप उपयोगाचा ठरेल. गाडी दुरुस्त झाल्यावर, अर्थात स्प्रिंग तशाच ठेवून, अलाइनमेंट करून घ्या आणि त्याचा छापील रिपोर्ट जपा. गाडी खाली आली की कॅम्बर, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कल, बदलतो. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त बसली असेल, तर हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. हे तपासून घेतलेलं असणं कायद्याइतकंच रस्त्यावरच्या माणसांसाठीही गरजेचं आहे. मूळ स्प्रिंग कापून गाडी खाली घेणाऱ्यांना मात्र यातला कोणताही बचाव मी देणार नाही. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात चाक लोंबलं की बैठकीतून सुटू शकते. स्प्रिंगसोबत आलेलं टीयूव्ही या जर्मन तपासणी संस्थेचं प्रमाणपत्रही जोडा. आपल्याकडे त्यानं परवानगी मिळत नाही, पण भाग निकृष्ट नव्हता हे दाखवायला ते चालतं.

आता क्लेम, आणि इथे मला खरोखर राग आला. तुम्ही उभे होतात. टेम्पो मागून आला. तुमची गाडी १३० वर असती तरी डिकी तशीच चेपली असती. स्प्रिंग बदलल्याचं कंपनीला कळवलं नव्हतं ही तुमची चूक आहेच, पण ज्या चुकीचा अपघाताशी संबंधच नाही तिच्यासाठी पूर्ण क्लेम नाकारणं योग्य नाही. अमलेंदु साहू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या २०१० च्या प्रकरणात खासगी गाडी भाड्यानं दिली होती, म्हणजे पॉलिसीची अट मोडली होती. तरीही सर्वोच्च न्यायालयानं दावा सपशेल फेटाळणं मान्य केलं नाही. अशा दाव्यांत ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याचा 'नॉन-स्टँडर्ड' मार्ग तिथे अधोरेखित झाला. तुमची मागणी पूर्ण रकमेचीच ठेवा, आणि पर्यायी म्हणून हा मार्ग लिहा.

चेंबरखालचे ओरखडे मात्र सोडून द्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असला तरी ३.७ मीटर रुंद आणि पसरट असतो. त्यावरून तुमची गाडी हळू नेली तर सहसा सुटते. घासते ती आपल्याकडच्या अरुंद, टोकदार उंचवट्यांवर. तरीही त्या नुकसानाला खाली घेतलेली गाडी कारणीभूत नाही, हे तुम्हाला पटवून देता येणार नाही. ते क्लेममध्ये ठेवलंत, तर मागच्या धडकेचा स्वच्छ दावाही गढूळ होईल.

या आठवड्यात कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र पाठवा. स्प्रिंग बदलल्याचं पहिल्याच ओळीत मान्य करा, ओरखड्यांचा दावा मागे घ्या, सर्व्हेयरच्या अहवालाची प्रत मागा, आणि स्प्रिंगमुळे मागची धडक कशी बसली याचा लेखी खुलासा मागा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. नकार मिळाल्यापासून एक वर्षाची मुदत असते. दुसरा रस्ता ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाचा, तिथे मुदत दोन वर्षं. एकाच वादासाठी दोन्हीकडे एकदम जाऊ नका. माझं मत आधी लोकपाल.

टेम्पोला विसरू नका. पोलिसांत नोंद केली असेल तर तिची प्रत, टेम्पोचा नंबर आणि त्याच्या विम्याचे तपशील मिळवा. मालमत्तेच्या नुकसानासाठी मोटार अपघात दावा प्राधिकरणात अर्ज करता येतो, तो अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करा. तुमच्या कंपनीनं पैसे दिले तर त्याच नुकसानाचे टेम्पोवाल्याकडून पुन्हा मिळणार नाहीत. पण तिचा नकार कायम राहिला, तर हाच दरवाजा उघडा असेल, आणि तिथे तुमच्या स्प्रिंगपेक्षा टेम्पोच्या ब्रेकवर जास्त चर्चा होईल.

जुन्या स्प्रिंग गॅरेजवाल्याकडून आजच घरी आणा. पुढे त्या बसवायच्या की नव्या ठेवून कंपनीकडून पॉलिसीत तशी नोंद करून घ्यायची, हे वाद मिटल्यावर ठरवा.