ध्यानात दिसणारी चित्रं

ध्यानाला बसलं की अनोळखी चेहरे, मांडवी नदीवरचे दिवे दिसतात, कुणीतरी हाक मारल्याचा भास होतो म्हणतोस... घाबरू नकोस, हुरळूनही जाऊ नकोस. हा साक्षात्कार नव्हे. जाग आणि झोपेच्या सीमेवर मेंदू अशी चित्रं दाखवतोच. अंगाला मध्येच बसणारा झटकाही तिथलाच. बौद्ध परंपरेत ही पेंग ध्यानाच्या पाच अडथळ्यांत मोडते. दुपारी हुमण-शीत, म्हणजे माशांची आमटी-भात, जेवून फोंड्याच्या उकाड्यात बसलास तर दुसरं काय होणार? पहाटे बस, पाठ ताठ, डोळे किंचित उघडे. चित्र आलं की त्याची गोष्ट रचत बसू नकोस. श्वास नाकपुडीला कुठे लागतो ते बघ. तरीही डुलकी आलीच तर उठून अंगणात चाल. ध्यानाबाहेरही आवाज येत राहिले तर मात्र डॉक्टरांना दाखव. आणि रात्री झोपतोस किती, ते आधी खरं सांग.